टिटवी मनातून कशी उतरली

मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपवर साताऱ्याच्या एका बँकवाल्यानं विचारलं, "सर, टिटवीचं नेमकं काय झालं हो? एके काळी म्हणे तुम्ही लोक तिच्याशिवाय दुसरं बोलत नव्हता. आता कुणी नावही काढत नाही. जरा सविस्तर लिहा की."

सर म्हणजे मी. मी कुठल्याही शाळेत शिकवत नाही. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि ग्रुप आहे मिटते चाकू जमवणाऱ्यांचा. चाकू जमवतो म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग खिशाकडे. नाणी जमवणाऱ्याकडे कुणी असं बघत नाही. माझी बायको तर पाहुण्यांना सांगते, ह्यांना घड्याळांचा नाद आहे. घड्याळ माझ्याकडे एकच आहे आणि ते बंद असतं.

आम्ही पंधरा-सोळा जण. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी, कऱ्हाडचे एक डॉक्टर, हा बँकवाला, आणि मेढ्याच्या वरच्या अंगाला राहणारा, फौजेतून निवृत्त झालेला एक सुभेदार. बाकीचे येऊन-जाऊन असतात. ह्यातल्या कुणीही आपल्या चाकूनं कधी कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. निम्म्यांनी तर साधं लिंबूही कापलेलं नाही, पात्याला डाग पडेल म्हणून.

टिटवी हे कंपनीचं खरं नाव नव्हे. कंपनी परदेशी, आणि तिचं नाव घेताना आमच्यातल्या प्रत्येकाची जीभ वेगळ्या जागी अडखळायची. पात्यावर लांब पायांचा एक पक्षी कोरलेला असायचा, म्हणून टिटवी. हळदवाला म्हणायचा, अशुभ पक्षी आहे तो, दुसरं नाव शोधा. कुणी शोधलं नाही.

मिटता चाकू कसा चालतो ते सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. पातं मुठीत दुमडून बसतं. उघडलं की मुठीतली एक पातळ पट्टी सरकते, पात्याच्या टाचेमागे येऊन टेकते आणि पातं ताठ राहतं. ती टेकताना 'टक्' असा आवाज येतो. त्या एका आवाजासाठी शहाणीसुरती माणसं बायकोशी खोटं बोलतात. पट्टी सुटली तर पातं मिटतं, आणि वाटेत बोट असेल तर बोटावर मिटतं. चाकूची सगळी भिस्त त्या पट्टीवर.

मी सर झालो तो माझ्या पेचकसांमुळे. चष्म्याच्या काडीचा स्क्रू आणि चाकूच्या सांध्याचा स्क्रू एकाच हाताचं काम. शिवाय डोळ्याला लावायचं भिंग दुकानात असतंच. कुणाचं पातं घासू लागलं, कुणाची मूठ कुरकुरली की चाकू माझ्याकडे यायचा. मी भिंग लावून दोन मिनिटं गप्प बसायचो. खरं तर दोष अर्ध्या मिनिटात कळायचा, उरलेलं दीड मिनिट रुबाबाचं. मग जे सांगेन ते ग्रुपवर शेवटचं. सर म्हणाले म्हणजे झालं.

तर बँकवाल्याला मी उत्तर लिहिलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, काउंटरवर बसून चांगलं ऐसपैस लिहिलं. कंपनी काढणारा म्हातारा कारागीर बाजूला झाला आणि कंपनी मोठ्या लोकांच्या हातात गेली. त्यांनी दर दोन महिन्यांनी 'खास आवृत्ती' काढायचा सपाटा लावला. आज निळी मूठ, पुढच्या वेळी जरा जास्त निळी मूठ. आपल्याकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, ह्या एका सुखासाठी माणूस जमवत असतो, आणि टिटवी तर ज्याच्या-त्याच्या खिशात दिसायला लागली. पोलाद बदललं ते न सांगता बदललं. डबा सुंदर होत गेला, आतला चाकू होता तसाच राहिला किंवा उतरला. तक्रार केली तर तीच चार गुळगुळीत वाक्यं उत्तरात यायची. दरम्यान दुसऱ्या कंपन्या तितकाच चांगला चाकू करू लागल्या आणि तो खिशाला झेपायचाही. असं सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की जमवणारा माणूस कंपनीशी भांडत नाही, तो एक दिवस तिच्याबद्दल बोलायचं थांबवतो.

पटापट अंगठे आले. डॉक्टरांनी "अभ्यासपूर्ण" असं लिहिलं. मी परत वाचून पाहिलं. सगळं खरं होतं. फक्त त्यात मी कुठंच नव्हतो.

मग हळदवाल्यानं लिहिलं, "सर, एक कारण राहिलं. वहिनींची पूजा!" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. रांगेत एक तोंड सुभेदाराचंही होतं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चष्मा घ्यायला आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. ते वाचत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नाही. काहीच वाटत नव्हतं. गेली चार वर्षं हे असंच चाललेलं आहे. चांगला चाकू हातात घेतो, उघडतो, टक् होतं, मिटतो आणि खणात ठेवतो. पूर्वी त्या आवाजानं दिवस बरा जायचा.

वहिनींची पूजा म्हणजे काय ते आता सांगायला हवं. वहिनी म्हणजे सुभेदाराची बायको.

सुभेदाराची आणि माझी ओळख दुकानातच झाली. वाचायचा चष्मा करायला आला आणि खिशातला जुना, फौजेतला मिटता चाकू काढून म्हणाला, "साहेब, ह्याचाबी नंबर वाढलाय का बघा की." पातं ढिलं झालं होतं. मी तिथल्या तिथं घट्ट करून दिलं. त्यानं पैसे विचारले, मी नको म्हणालो, त्यानं मेढ्याला जेवायला बोलावलं. मी गेलो, आणि मग जातच राहिलो. डोंगराच्या उतरणीला त्याचं घर, खालच्या अंगाला स्ट्रॉबेरीचे वाफे. तो भडाभडा बोलणारा, मी मोजून बोलणारा. महिन्याभरात 'साहेब' जाऊन 'गड्या' झालं. वहिनी मला भावजी म्हणू लागल्या. माझ्या सख्ख्या भावाच्या घरी मला इतकं ताजं वाढलेलं आठवत नाही.

पुढं टिटवीचा एक नवा चाकू निघाला. हलकी मूठ, नव्या धातूची पट्टी. मी ग्रुपवर लिहिलं, डोळे मिटून घ्या. सात जणांनी मिळून मागवले. सातांत मी होतो आणि सुभेदार होता. त्यानं तो घरी नेला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "घरात दोन इळं हायती, खुरपी हायती. ह्यो कशाला आनि?" त्यावर सुभेदारानं त्यांना तासभर व्याख्यान दिलं. पोलाद काय, पट्टी काय, गावात असा दुसऱ्या कुणाकडं न्हाई. दोन दिवसांत गावातल्या प्रत्येकानं तो चाकू उघडून-मिटून पाहिला होता.

त्या वर्षी गणपतीच्या आधी माझ्या टिटवीनं मान टाकली. दुकानात खोकं फोडत होतो. टोक खोक्यात दाबलं आणि पातं एकाएकी मागं फिरलं. माझं बोट जरा खाली होतं म्हणून वाचलं. मी भिंग लावलं. ह्या वेळी खरोखर दोन मिनिटं लागली. पट्टीचा धातू मऊ होता. जिथं ती पात्याच्या टाचेला टेकते तिथली कड झिजून गुळगुळीत झाली होती. तीन महिन्यांत. माझा चाकू तर मी फारसा वापरतही नव्हतो. म्हणजे दोष ह्या एका चाकूचा नव्हता, धातूचाच होता, आणि तसले आणखी सहा चाकू माझ्या शब्दावर घेतलेले होते.

त्याच दिवशी ग्रुपवर लिहायचं होतं. दोन ओळींचं काम. लिहिलं नाही. कंपनीला कळवलं, त्यांचं उत्तर आलं, पाठवून द्या, बघतो. मी चाकू खणात टाकला आणि ठरवलं की दिवाळीनंतर सांगू. दिवाळीनंतर का, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की 'सर म्हणाले म्हणजे झालं' हे जाणार. चष्मेवाला, पन्नाशी उलटलेला, कुणी सर म्हणायला लागलं की पाठ जरा ताठ होणारा माणूस. त्या ताठ पाठीसाठी मी गप्प बसलो.

खंडेनवमीला मी मेढ्यालाच होतो. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करतात. शेतकरी असेल तर कोयता, खुरपं, फवारणीचा पंप. मी दुकानात पेचकस आणि भिंग मांडून सकाळी पूजा केली होती आणि मग गाडी धरून सुभेदाराकडं जेवायला गेलो होतो. वहिनींनी पाट मांडला, त्यावर सगळं धुऊन-पुसून ठेवलं. मध्यभागी टिटवी. सुभेदारानंच सांगितलं, मधी ठिव तिला.

वहिनींनी मला विचारलं, "भावजी, उघडून ठिवू का मिटून?"

"उघडून ठेवा," मी म्हणालो. "शस्त्र आहे ते."

त्यांनी उघडून ठेवली. हळद-कुंकू पाण्यात कालवलेलं होतं. बोटानं पात्यावर पाच ठिकाणी लावलं, सांध्यावर एक, मुठीवर एक. वर झेंडूचं फूल. त्या हात जोडून उभ्या होत्या आणि मी पाटाकडे बघत होतो. मला माहीत होतं की हा चाकूही माझ्या चाकूसारखाच मिटणार आहे. हातात घेऊन अंगठ्यानं पाठीमागून दाबून बघायचं, एवढंच करायचं होतं. मी जेवायला बसलो. पुरण चांगलं झालं होतं.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात सुभेदार वाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंगच्या प्लास्टिक कागदाला भोकं पाडत होता. रोपं लावायची घाई होती. टोक कागदात दाबलं आणि पातं बोटावर मिटलं. उजवा हात, अंगठ्याशेजारचं बोट. साताऱ्याला नेऊन टाके घातले. जखम भरली. पण आतली शीर तुटली होती आणि बोटाच्या टोकाची जाणीव गेली ती परत आली नाही. सुभेदार म्हणाला, "बोट हाय गड्या, पर सिग्नल न्हाई." असं म्हणून हसला. मीही हसलो.

स्ट्रॉबेरी तोडायला त्याच बोटाचं काम असतं. फळ मुठीत धरायचं नसतं. अंगठा आणि शेजारचं बोट ह्यांत देठ धरून हलकेच मोडायचा. किती दाब पडतोय हे बोटाला कळलं नाही तर फळाला वण उठतो आणि संध्याकाळपर्यंत ते काळं पडतं. सुभेदारानं तोडलेल्या फळांना वण उठू लागले. दोन वेळा माल परत आला. मग तोडणीला वहिनी एकट्या जाऊ लागल्या. उजाडायच्या आत वाफ्यात, दहापर्यंत वाकून. सुभेदार क्रेट उचलतो आणि गाडीत चढवतो. बाई कामाची आहे असं गावात म्हणतात. त्या इतक्या का राबतात हे मला ठाऊक होतं.

कारण असं की सुभेदारानं चाकू कंपनीला पाठवला होता, आणि तो दुरुस्त होऊन एका पत्रासह परत आला. पत्र वाचायला मला बोलावलं. सुभेदार खाटेवर, मी खुर्चीत, वहिनी उंबऱ्याजवळ. पत्र इंग्रजीत, फार सभ्य. सांध्यात पिवळी आणि लाल पूड आढळली. अशा बाहेरच्या पदार्थामुळे पट्टीच्या हालचालीला अडथळा येऊ शकतो. त्यामुळे कंपनी जबाबदार नाही. पण खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सौजन्य म्हणून आम्ही जुनी पट्टी काढून अधिक कठीण धातूची नवी बसवली आहे. ज्याला कळायचं त्याला त्या ओळीत सगळं कळत होतं. ती ओळ मी वाचली नाही.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हळदीनं झालं?"

मी पत्राची घडी घातली. म्हणालो, "तसं म्हणतात ते."

खोटं बोललो असंही कुणाला म्हणता येणार नाही, अशी ती वाक्यरचना होती. वहिनींनी आपल्या हाताकडे बघितलं. सुभेदार म्हणाला, "जाऊ दे गं. देवाचं करताना झालं." मग त्यानंच ग्रुपवर ते लिहिलं, गमतीनं. लोकांना फारच आवडलं. तेव्हापासून कुणाचा चाकू गंजला, कुणाचं पातं हललं की 'पूजा झाली वाटतं' असं लिहायची आमच्यात रीत पडली. कधी-कधी मीही लिहिलं.

पुढच्या खंडेनवमीला गेलो तर पाटापाशी वहिनींच्या जाऊबाई होत्या. वहिनी चुलीकडं. मी विचारलं तर म्हणाल्या, "लोखंडाला माझा हात लावत न्हाई मी आता." एवढंच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. टिटव्या तोवर ग्रुपमधून एकेक करून नाहीशा झाल्या होत्या. कुणी तक्रार केली नाही. हळदवाल्यानं त्याची पुतण्याला देऊन टाकली. डॉक्टरांनी खणात टाकली. कुणाला विचारलं तर म्हणायचा, "मन उडालं." मला आता वाटतं, त्यांतल्या प्रत्येकाचं पातं कधी ना कधी मागं फिरलं असणार. सर काही बोलत नाहीत म्हणून प्रत्येकाला वाटलं असेल की आपलंच काहीतरी चुकलं.

तर ती हसणाऱ्या तोंडांची रांग. म्हाताऱ्या गृहस्थांना मी चुकीचा नंबर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी ते परत आले, मी माफी मागून पुन्हा तपासलं, आणि तिसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून पहाटेची सातारची एस.टी. धरली. सगळ्या रस्त्यानं काय बोलायचं ते ठरवत होतो. साताऱ्यात मेढ्याच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर एक भजीची प्लेट खाल्ली. ती खाताना वाटलं, चार वर्षं झाली, आता सांगून काय होणार. गाडी लागली तेव्हा मी बसलो, हे मला आजही थोडं आश्चर्याचं वाटतं.

पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सुभेदार दारापुढच्या सोप्यात बसून क्रेटवर चिठ्ठ्या चिकटवत होता. डाव्या हातानं. वहिनी नुकत्याच वावरातून आल्या होत्या, बोटं लाल झालेली.

"भावजी, आज आचानक?" त्या म्हणाल्या. "बसा, च्या टाकते."

त्या आत गेल्या तसं मी सांगायला सुरुवात केली. ठरवलेलं सगळं विसरलो. सरळ म्हणालो, "लेका, चाकू पूजेनं बिघडला नव्हता. पट्टी मुळातच खराब होती. माझीपण तशीच गेली, गणपतीच्या आधी. मला माहीत होतं. पत्रातली शेवटची ओळही मी वाचली नाही." मग पट्टीचा धातू, झिजलेली कड, हे सगळं सांगत बसलो. नको तेवढं सांगत बसलो. धातूबद्दल बोलायला मला नेहमीच सोपं जातं.

सुभेदारानं चिठ्ठी चिकटवली. अंगठ्यानं घासून नीट केली. शिव्या देईल, कॉलर धरेल, फौजेतला माणूस आहे, असं मला वाटलं होतं. खरं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

तो म्हणाला, "मला ठावं व्हतं."

"काय?"

"आरं, नवरात बसायच्या आधीपास्नंच पातं हालत व्हतं. एकदा गवत कापताना मिटलंबी व्हतं. बोट वाचलं तवा." तो माझ्याकडे बघत नव्हता. "म्हटलं, तुला काय सांगायचं. तू घ्या म्हणालास, तुझं त्वांड पडंल. आन माझंबी पडंल. हिच्याम्होरं, गावाम्होरं एवढा मिरवला व्हता. मग बोट गेलं. मग तू आलास आन म्हणालास, हळदीनं झालं. मला वाटलं, बरं झालं. मिटलं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. अपराध निम्मा झाला होता, वाटून घेतला गेला होता. क्षणभर तसं वाटलंही, ते लपवत नाही. मग तो माझ्या खांद्यावरून मागं बघू लागला.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक. चहावर साय धरली होती.

"दोघास्नीबी ठावं व्हतं म्हना की," त्या म्हणाल्या.

"आगं, तसं न्हवं..." सुभेदार म्हणाला.

त्यांनी कपबश्या आमच्या मधोमध ठेवल्या. हात पदराला पुसले. रडल्या नाहीत, आवाजही चढला नाही. भाव विचारावा तसं बोलल्या.

"चार वर्सं झाली. तुमी झोपलासा की तुमचं त्ये बोट हातात घ्यायची मी. चिमटा काढायची. कवा हळूच, कवा जोरात. एकांद्या दिशी तुमी हात वडून घेशीला म्हून."

मला लाज वाटली. इतकी लाज की मान वर करता येईना. चार वर्षांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

सुभेदार आपल्या बोटाकडे बघत होता. "मला कवा कळलंच न्हाई," तो म्हणाला.

"कसं कळंल?" वहिनी म्हणाल्या, आणि रिकामा क्रेट उचलून पुन्हा वावरात गेल्या.